तिसऱ्या दगडाच्या अलीकडे

माझे धाकटे दीर दानीएल गुरुजी समोरच्या माणसाला वाक्य पुरं करू देत नसत. तुम्ही तापानं फणफणत असा, नाहीतर घरात मयत पडलेलं असो, तुमच्या तोंडून एक अक्षर वाकडं गेलं की यांचा हात वर, डोळे मिटलेले, आणि शब्द सरळ करून तुमच्या पदरात. मग पुढचं बोला. माझा नवरा गेला त्या दिवशी मी ऊर बडवून म्हणत होते, "अहो, हे काही निमोण्यानं गेले नाहीत, त्यांना चुन्यानं खाल्लं!" तर भावजी उशाशी उभे राहून म्हणतात, "न्यूमोनिया, वहिनी."

मी रागावले नाही तेव्हा. सासूबाई वारल्या तेव्हा हे भावजी सात वर्षांचे होते. शेंबूड पुसण्यापासून त्यांचं सगळं मीच केलं. शाळेत पहिला नंबर आला की पाटी घेऊन आधी माझ्याकडे धावत यायचे. मी शिकले दुसरीपर्यंत. घरात एक माणूस शुद्ध बोलतो याचा मला तोराच होता म्हणा ना.

त्या शनिवारी सकाळी ते माझ्या अमोसला ओट्याखाली उभं करून हेच करत होते.

"म्हण, बेस."

"बैस."

"बैस नाही रे टोणग्या. बेस. बेलातला बे."

"बेस."

"पुन्हा."

"बेस. बेस. बेस. झालं का काका?"

मी भाकरी थापता थापता आतून ओरडले, "भावजी, पोरगं चेंडू मारायला चाललंय का भाषण करायला?"

"वहिनी, आज मोठ्या मिशनशाळेची माणसं येतायत. त्यांच्यासमोर आपलं हसं व्हायला नको."

"हसू देत की. हसून त्यांचे दात पडणार नाहीत आणि आपले येणार नाहीत."

अमोस हसला. एकोणीस वर्षांचा माझा लेक, बापासारखाच रुंद, पण छाती अजून स्वच्छ. ते हसणं मला ऐकायला आवडायचं. त्यात घरघर नव्हती.

हा खेळ काय होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची पांढरवाडी म्हणजे चुन्याच्या भट्ट्या, त्यांच्या अलीकडे मिशनचं चर्च आणि दोन्हींच्या मधे मोकळं मैदान. मी लहान असताना विल्कॉट साहेब म्हणून एक अमेरिकेचा गोरा पाद्री आला. त्यानं हा खेळ आणला. एकानं चेंडू टाकायचा, दुसऱ्यानं बडग्यानं हाणायचा आणि चार दगडांना फेरा घालून घरी यायचं. वाटेत कुणी चेंडू फेकून मारला की पळणारा मेला, म्हणजे बाद. साहेब सांगायचा, त्याच्या आजाच्या काळी तिकडं असंच मारायचे. पुढं नियम बदलला, आता नुसता चेंडू टेकवतात. पण त्याला आजाचाच खेळ यायचा. त्याच्या आजाच्या गावात म्हणे चर्चच्या काचा फुटतात म्हणून पंचांनी या खेळावर बंदी घातली होती. हे सांगताना तो पोट धरून हसायचा. आणि आमच्या चर्चची लाल काच फुटली तेव्हा त्यानंही तेच केलं. घंटेपासून शंभर पावलं मोजली आणि रेघ ओढली. मग रविवारी खेळायचं नाही असं झालं. मग न्हाण आलेल्या पोरींनी खेळायचं नाही. तिथं मी बाद झाले. त्याआधी माझ्याइतका लांब चेंडू पांढरवाडीत कुणी मारत नव्हतं. खोटं वाटत असेल तर विचारायला आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा माझंच ऐका.

साहेब त्या दगडाला 'बेस' म्हणायचा. आमच्या माणसांना ऐकू आलं 'बैस'. तेव्हा दगडाशी पोचलं की आम्ही त्यावर बसायचो. साहेबानं दोन-चार महिने डोकं आपटलं आणि सोडून दिलं. खेळाचं नावच बैस पडलं. पहिली बैस, दुसरी बैस, तिसरी बैस आणि घर. त्यातून आमच्या लोकांनी स्वतःचा एक नियम काढला. पळणाऱ्याला मागून येणारा चेंडू दिसत नाही. म्हणून काठावरच्या माणसानं "बैस!" असं ओरडलं की त्यानं असेल तिथं मातीत खाली बसायचं, डोक्यावर हात घेऊन. बसलेल्याला मारायचं नाही. पुढच्या टोल्यापर्यंत त्यानं तिथंच थांबायचं. आमच्याकडं पोर चालायला शिकलं की त्याला हे शिकवायचे. विहिरीकडं निघालेलं दोन वर्षांचं पोर "बैस!" म्हटलं की मटकन खाली बसायचं.

गोरे गेले, बैस राहिली.

आणि मग दानीएल गुरुजी ट्रेनिंग करून आले ते नियमांचं छापील पुस्तक घेऊन. सगळं चूक आहे म्हणाले. दगडावर बसायचं नाही, पाय टेकवून उभं राहायचं. चेंडू मारायचा नाही, टेकवायचा. महिनाभर त्यांनी पोरांना घोटून घेतलं. स्वतः ते कधी खेळले नव्हते. बाकीची पोरं मैदानात असायची तेव्हा ते ओट्यावर पुस्तक धरून असायचे. त्यामुळं वाटेत बसायचा आमचा नियम त्यांच्या ध्यानातच नव्हता. जो ध्यानात नाही तो रद्द कसा करणार?

त्या महिन्यात सरावाला ते साधंच ओरडायचे. "धाव!" म्हणायचे, "थांब!" म्हणायचे. मी पाणी घेऊन जायचे, माझ्या कानांनी ऐकलंय.

मोठ्या मिशनशाळेचे आढाव साहेब येणार होते ते नुसता सामना बघायला नव्हे. कवायत मास्तरांच्या कोर्सला त्यांना आमच्या भागातला एक मुलगा घ्यायचा होता. परीक्षेची अट नव्हती, अंगात खेळ पाहिजे. अमोस सातवीला दोनदा आपटलेला. त्याला दोनच वाटा होत्या. एक तो कोर्स, दुसरी भट्टी. भट्टीचा मुकादम दोनदा दारात येऊन गेला होता. "बापाची जागा रिकामी आहे, रिबकाबाई," म्हणाला. मी म्हणाले, "रिकामी का झाली ते ठाऊक आहे मला. तुमचं पोरगं बसवा तिथं."

अकरा वर्षं माझा नवरा भट्टीवर टिकला होता. शेवटच्या वर्षी तो खोकायचा तेव्हा उशीवर पांढरं पडायचं. मी ती उशी जाळली.

दुपारी शहरातली पोरं मोटारीतून उतरली. पायात कॅनव्हासचे बूट, हातात चामड्याचे हातमोजे. आमची अनवाणी. चर्चच्या खुर्च्या बाहेर आणल्या होत्या. आढाव साहेब मधे, त्यांच्या शेजारी पाळकसाहेब, आणि भावजी कोट घालून उभे. आम्ही बाया लिंबाखाली. हन्नाबाई माझ्या शेजारी येऊन टेकली. तिचा नवरा चर्चच्या पंचकमिटीचा अध्यक्ष, म्हणून ती सगळ्यांच्या शेजारी टेकायची.

"काय रिबकाबाई, आजपासून मास्तरांची आई का?"

"तुमच्या तोंडात साखर पडो. चहात तर तुम्ही कधी घालत नाही."

सामना चांगला झाला. आमची पोरं दगडावर बसली नाहीत. एकदा थोमा बसायला वाकला, पण बाकीच्यांनी आरडाओरडा केला आणि तो सरळ झाला. भावजी आढाव साहेबांशी इंग्रजीत बोलत होते. मधेच हसत होते. त्यांचं इंग्रजी हसणं वेगळं होतं, दात न दाखवता.

शेवटचा डाव आला तेव्हा दोन्हीकडचे फेरे सारखे होते. आमचे दोन मेलेले, तिसरा मेला की डाव खलास. अमोस आत आला. त्यानं बडगा मातीवर घासला, एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही. देवाच्या आणि मुलाच्या कामात मधे मान हलवू नये.

पहिला चेंडू त्यानं सोडला. दुसरा हाणला.

आवाजावरूनच मला कळलं. तो चेंडू मैदानावरून, शहरातल्या पोरांच्या डोक्यावरून गेला तो थेट भट्टीच्या चुन्याच्या ढिगात. पांढरा धुरळा उडाला. आढाव साहेब खुर्चीतून उठले. मी उठले. हन्नाबाईसुद्धा उठली. शहरातलं पोरगं धुरळ्यात चाचपडत होतं. अमोस पहिल्या दगडाला लाथ मारून पुढं, दुसऱ्याला लाथ मारून पुढं. चालत आला असता तरी घरी पोचला असता.

तेवढ्यात भावजी ओरडले. सरावाला ओरडायचे तसं नाही. आढाव साहेबांकडं एकदा बघून, मान ताठ करून, गळ्यातून गोल आवाज काढून.

"बेस! अमोस, बेस! बेस!"

तिसऱ्या दगडाला दहा पावलं राहिली होती. माझं पोरगं थांबलं. मागं न बघता खाली बसलं, उकिडवं, दोन्ही हात डोक्यावर. असं शहाण्यासारखं बसलं, जसं दोन वर्षांचं असताना विहिरीच्या वाटेवर बसायचं.

मैदानावर कुणाला काही कळेना. शहरातलं पोरगं चेंडू घेऊन आलं, पांढरं फटक झालेलं. त्यानं आपल्या साहेबांकडं बघितलं, मग हळूच चेंडू अमोसच्या खांद्याला टेकवला. अमोसनं मान वर करून त्याला समजावलं. मला इथून ऐकू आलं. "बसलेल्याला नाही मारायचं रे."

आधी एक हसला. मग सगळे.

फेरे सारखेच राहिले म्हणून एक जादा डाव झाला, त्यात त्यांनी सामना जिंकला. ते जाऊ द्या. आढाव साहेबांनी भावजींना काहीतरी विचारलं. इंग्रजीत. भावजींनी उत्तर दिलं, तेही इंग्रजीत, चार शब्दांचं असेल नसेल. साहेबांनी खिशातली वही काढून काही लिहिलं. मोटारीत बसण्याआधी त्यांनी अमोसची पाठ थोपटली. त्या थोपटण्यावर मी आठवडा काढला.

घरी आल्यावर मी विचारलं, "का रे बसलास?"

"काका बैस म्हणाले."

"काका बेस म्हणाले."

"तेच की." तो माझ्याकडं असा बघत होता की मीच खुळी. "आपण बैस म्हणतो, ते बेस म्हणतात. निमोण्याला न्यूमोनिया म्हणतात तसं. सकाळी नाही का म्हणवून घेतलं माझ्याकडून? मला वाटलं, चेंडू अंगावर आला. मागचं मला दिसतंय होय?"

"अरे, बेस म्हणजे तो दगड. दगडाकडं पळ म्हणत होते."

"मग दगड म्हणायचं," अमोस म्हणाला. "म्हणायला शिकवलं, काय ते कुठं सांगितलं?"

मी तशीच भावजींच्या घरी गेले. ते दिव्याच्या काचा पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला. चेहरा उतरला. काच खाली ठेवून म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही, वहिनी."

"नसेल आलं. चूक होते माणसाची. पण त्या साहेबांना सांगा. पोरगं घाबरलं नाही, चुकलं नाही, तुम्ही सांगितलं तेच त्यानं केलं. एवढं एक कळवा."

"मी सांभाळतो ते."

"सांभाळतो म्हणजे?"

"म्हटलं ना वहिनी, सांभाळतो."

मी विश्वास ठेवला. ज्याचं नाक आपण पुसलं त्याच्यावर विश्वास ठेवायला वेगळं कारण लागत नाही.

आठवडाभर अमोस टपालवाल्याच्या वाटेकडं बघत बसला. मुकादम तिसऱ्यांदा आला, त्याला मी सांगितलं, आता येऊच नका. पत्र आलं नाही. म्हणजे आमच्या घरी आलं नाही.

दुसऱ्या रविवारी भक्ती झाल्यावर पंचकमिटीनं मंडळीला थांबवून घेतलं. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. भावजी कमिटीचे सेक्रेटरी. उभे राहिले, चष्मा लावला आणि ठराव वाचला: चर्चच्या आवारात आणि आवाराबाहेर दोनशे पावलांच्या आत बैस नावाचा खेळ कुणी सभासदानं किंवा त्याच्या मुलांनी खेळू नये. खेळायचं तर छापील नियमांनी, कमिटीच्या परवानगीनं.

"का?" थोमाचा म्हातारा बाप बसल्या जागेवरून म्हणाला. "काच तर फुटली नाही."

"काच नाही फुटली, मंडळीची अब्रू गेली," भावजी म्हणाले. "परवा सगळ्यांनी बघितलं. एका होतकरू मुलाचं या अडाणी खेळापायी नुकसान झालं. मोठ्या शाळेचं पत्र आलंय." त्यांनी खिशातून कागद काढून दाखवला. "अमोसची निवड झालेली नाही. कारण, नियमांचं अज्ञान."

पत्र तीन दिवस त्यांच्याकडं होतं. पाकिटावरचा शिक्का मी नंतर बघितला.

अमोस पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी उठले.

"तो कागद बघू."

"वहिनी, सभेत बायकांनी..."

"भक्ती संपली. आता सभा आहे. सभेत ज्याचं पोरगं मेलं तो बोलतो. कागद द्या."

पाळकसाहेबांनी मान हलवली. भावजींनी कागद दिला. पत्र मराठीतच होतं, देवाची कृपा. छापल्यासारखं सुवाच्य अक्षर. मी बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून, मोठ्यानं वाचायला लागले. मला वेळ लागला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"उमे-दवाराच्या अंगी जोर व चप-ळाई आहे. मारले-ला चेंडू पाहून आनंद वाटला. तथा-पि धावताना तो मधेच का बसला असे विचा-रले असता, परशिक्षकांनी..."

"प्रशिक्षकांनी," भावजी म्हणाले.

त्यांच्या तोंडून निघून गेलं. सवयीनं. त्यांनाच ते कळलं नसावं. पण सगळ्या चर्चनं ऐकलं. हन्नाबाईनं पदर तोंडाला लावला.

मी म्हणाले, "प्रशिक्षकांनी. बरं." आणि पुढं वाचलं.

"प्रशिक्ष-कांनी स्वतः सांगितले की, मी धाव असे म्हणालो, त्याने ऐकले नाही. ज्यास आज्ञा पाळ-ता येत नाही, त्याच्याकडे आज्ञा देण्या-चे काम सोपवणे योग्य होणार नाही."

मी कागदाची घडी केली. बोट अजून त्यावरच होतं.

"तुम्ही असं सांगितलंत?"

भावजी ठरावाच्या कागदाची कड सरळ करू लागले.

"धाव म्हणालो असं सांगितलंत?"

"त्याचा अर्थ तोच होता, वहिनी."

"अर्थ नाही विचारत. मी घरी येऊन सगळं सांगितलं, त्यानंतर पत्र लिहिलंत त्यांना?"

"नाही."

"का नाही?"

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते अगदी सात वर्षांचे दिसायचे. "काय लिहिणार होतो मी?" त्यांचा आवाज चिरकला. "की आमचे लोक बेसला बैस म्हणतात? तीस वर्षं दगडावर बसतायत, मातीत बसतायत, आणि त्यालाच खेळ समजतात? मी त्या शाळेत वर्षभर राहून आलोय. जेवताना नक्कल केली असती माझी. पांढरवाडीचा गुरुजी, बैस, बैस, असं. त्यांनी मला विचारलं तेव्हा सगळे हसत होते, वहिनी. मला काय सुचणार?"

मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. अमोस उठला होता. चप्पल हातात घेऊन तो दारातून बाहेर गेला आणि मैदान ओलांडून सरळ भट्टीच्या बाजूला चालू लागला. मुकादमाचं घर तिकडंच होतं. मी हाक मारली असती तर कदाचित थांबला असता. पण हाक मारून मी त्याला काय देणार होते? सोमवारपासून तो बापाच्या जागेवर लागला. बाप अकरा वर्षं टिकला होता, हा सात टिकला. चर्चच्या मागं दोघं शेजारी आहेत. तिथून दोनशे पावलांच्या आत आता कुणीच काही खेळत नाही. पोरांना बैस शब्दसुद्धा माहीत नाही. ती चांगल्या उच्चारात क्रिकेट खेळतात, लांब, ओढ्यापलीकडं.

पण त्या रविवारी तो नुकताच दाराबाहेर पडला होता. अध्यक्षांनी विचारलं, ठरावाला कुणाची हरकत आहे का? पुरुषांच्या बाजूला एकही हात वर नव्हता. थोमाच्या बापानं मान खाली घातली होती. भावजी माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, चष्मा मुठीत धरून. त्यांना वाटत होतं मी रडेन. रडले असते तर त्यांना सोपं गेलं असतं, त्यांनी मला घरापर्यंत सोडलं असतं.

मी पत्र त्यांच्या कोटाच्या खिशात घातलं, वरून खिसा नीट केला, आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"भावजी, चूक तुम्ही मैदानावर केलीत, तिच्यासाठी मी तुम्हाला शब्दानं बोलले नसते. पण तुम्हाला आपल्या माणसांची लाज वाटली, आणि ती झाकायला तुम्ही माझं पोरगं पांघरलंत."